काइनाचं अर्पण देवाने का नाकारलं? संडे स्कूलच्या पोराने अडकवलंय, मदत करा

नगरची_टीचर

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. मी आमच्या मंडळीत संडे स्कूल घेते. सात ते अकरा वयाची पोरं, चौदा-पंधरा येतात, त्यातली निम्मी शेवटी मिळणाऱ्या बिस्किटांसाठी येतात हे मला माहितीये पण चालतं. मागच्या रविवारी धडा होता काइन आणि हाबेल, उत्पत्ती ४. दरवर्षी सांगते तसंच सांगितलं, की हाबेल मेंढपाळ त्याने मेंढरं आणली, काइन शेतकरी त्याने शेतातला माल आणला, देवाला हाबेलाचं पसंत पडलं काइनाचं नाही पडलं, मग काइनाचं तोंड उतरलं आणि पुढे भावाच्या खुनापर्यंत जे झालं ते झालं.

तर एक नऊ वर्षांचा पोरगा उठून विचारतो, "टीचर, देवाला मटण आवडतं का?" अख्खा वर्ग खिदळला, मी पण हसले, खोटं कशाला बोलू. पण तो काही हसत नव्हता. म्हणतो, "आमचे पप्पा ज्वारी करतात. हंगामाच्या सणाला आम्ही कणसं घेऊन येतो चर्चमधी. मग ती देव घेत नाही का?"

मी आपलं पाठ असलेलं उत्तर दिलं, की अरे तसं नाही, हाबेलाने उत्तमातलं उत्तम आणलं आणि काइनाने उरलंसुरलं, खराब झालेलं आणून टाकलं. त्याने समोरचं बायबल उघडलं, बोट ठेवून वाचलं आणि म्हणाला, "खराब होतं असं कुठंय?" आणि खरंच नाहीये हो!! घरी येऊन मी तीनदा वाचलं. खराब, किडकं, उरलेलं, असला एकही शब्द नाही. लहानपणापासून चित्रांच्या पुस्तकात काइनाच्या पुढ्यात सुकलेला पाला बघत आले त्यामुळे डोक्यात तेच बसलेलं.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे हंगामाच्या सणाला लोक शेतातलं घरातलं जे असेल ते आणतात, बाजरी, ज्वारी, भोपळा, अंडी, एखादी कोंबडी पण, ते पुढे ठेवतात आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. पाच रुपयाचं लिंबू पाचशेला जातं. पैसे मंडळीच्या कामाला. तर या पोराच्या बापाची ज्वारी आणि काइनाचा माल यात फरक काय, हे मला रविवारच्या आत नीट सांगता यायला पाहिजे. पाळक साहेबांना विचारलं तर "विश्वास महत्त्वाचा ताई, विश्वास" म्हणाले आणि गाडीला किक मारून गेले.

जुना_करार_वाचक

ताई, त्या पोराला माझ्याकडून बिस्किटाचा एक पुडा जास्तीचा द्या. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, वाक्यावर बोट ठेवून "हे कुठंय" विचारणारी पोरं वर्षाला एखादीच भेटायची.

मटणाचं आधी बघू कारण ते सोपंय. स्तोत्र ५० वाचून दाखवा, १२ आणि १३ वचन. देव सरळ म्हणतो की मला भूक लागली तरी मी तुला सांगायला येणार नाही, सगळं जग माझंच आहे, मी काय बैलांचं मांस खातो की बोकडांचं रक्त पितो? म्हणजे हा प्रश्न तुमच्या पोराआधी स्तोत्रकाराला पडून गेलाय. आणि गंमत म्हणजे उत्पत्तीच्या हिशेबाने माणसाला मांस खायची परवानगीच मुळी जलप्रलयानंतर मिळते, ९:३ मध्ये. तोपर्यंत झाडपाला आणि फळं. म्हणजे हाबेल मेंढरं पाळत होता ती काय रश्श्यासाठी नव्हे.

आता ज्वारी. मूळ हिब्रूत दोघांच्याही अर्पणाला एकच शब्द वापरलाय, मिन्हा. एकाचं यज्ञ आणि दुसऱ्याचं नुसती भेट, असा भेद तिथे नाही. आणि पुढे लेवीयच्या दुसऱ्या अध्यायात हाच शब्द कशासाठी येतो, तर अन्नार्पणासाठी. सपीठ, तेल, धूप. म्हणजे शेतातला माल देवाला चालत नाही हे म्हणणं पाचव्या मिनिटाला कोसळतं. अनुवाद या पुस्तकाचा २६ वा अध्याय तर ताई तुम्ही हंगामाच्या सणाला वाचतच असाल, पहिल्या पिकाची टोपली भरून याजकाकडे न्यायची, त्याने ती वेदीपुढे ठेवायची, आणि मग आणणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं की माझा बाप भटका अरामी होता, मिसरात गुलामी केली, देवाने सोडवलं, ही जमीन दिली, आणि हे बघ त्या जमिनीचं पहिलं फळ. टोपली घेऊन उभं राहून आपली सगळी कथा सांगायची! आणि त्याच्या पुढच्याच वचनात, घरच्यांनी, लेव्याने आणि तुझ्यात राहणाऱ्या परक्याने मिळून आनंद करायचा. तुमच्या अंगणातल्या लिलावाला बायबलमध्ये याच्याइतकं जवळचं दुसरं काही नाही.

मग काइनाचं काय चुकलं. मजकूर दोन बारीक खुणा ठेवतो. एक, हाबेलाने "प्रथमजन्मलेल्यांतलं" आणि "चरबी" आणली असं मुद्दाम सांगितलंय, काइनाबद्दल नुसतं "जमिनीच्या उत्पन्नातलं". पहिलं पीक म्हटलेलं नाही. पण तुमचा पोरगा बरोबर आहे, न म्हटलेल्यावर किती बांधायचं. दुसरी खूण मला जास्त मोलाची वाटते, वचनाचा क्रम बघा. देवाने "हाबेलाकडे आणि त्याच्या अर्पणाकडे" पाहिलं, "काइनाकडे आणि त्याच्या अर्पणाकडे" पाहिलं नाही. दोन्ही वेळा माणूस आधी, वस्तू नंतर.

रक्ताने_तारण

एवढं लांबण लावायची गरज नाही. उत्तर सरळ आहे. रक्त. उत्पत्ती ३:२१ मध्ये देवाने स्वतः आदाम-हव्वेला कातड्याची वस्त्रं केली म्हणजे प्राणी मेला म्हणजे देवाने मार्ग दाखवून दिला होता. काइन शापित जमिनीचं फळ घेऊन आला, स्वतःच्या कष्टाचं, कर्माचं. इब्री ९:२२, रक्त सांडल्याशिवाय क्षमा नाही. मुलांना लहानपणापासून हेच शिकवा, नाहीतर पुढे जाऊन कर्माने तारण मिळतं असं समजतील. आमेन.

जुना_करार_वाचक

दादा, तुमचं म्हणणं जुनं आहे आणि बरेच चांगले लोक ते मानत आलेत, मी पण मानायचो. पण तीन गोष्टी सांगतो, रागावू नका. त्याच ९:२२ च्या पहिल्या अर्ध्या भागात "बहुतेक" आहे, नियमशास्त्राप्रमाणे *बहुतेक* सगळं रक्ताने शुद्ध होतं. हे बहुतेक का, तर लेवीय ५:११ बघा. पापार्पणाला मेंढी आणायची ऐपत नसेल तर दोन पारवे आणावेत, तेही झेपत नसतील तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे आजच्या मापात साधारण दोन लिटर पीठ. आणि त्याच्यावर तेल नाही, धूप नाही. त्या पिठावर सुद्धा शेवटी "त्याला क्षमा होईल" असंच लिहिलंय. देवाने गरिबाला पिठावर क्षमा दिली, आपण कोण नाही म्हणणारे?

दुसरं, उत्पत्ती ४ मध्ये पापार्पण हा शब्दच नाही. दोघं भाऊ आपापल्या धंद्यातलं घेऊन आले, बस. तिसरं, इब्री ११:४ म्हणतं हाबेलाने *विश्वासाने* जास्त चांगलं अर्पण केलं. तिथे रक्ताने म्हणायची सोय होती लेखकाला, रक्ताबद्दल दोन अध्याय आधी भरभरून लिहून झालं होतं. तरी त्याने विश्वास म्हटलं.

रक्ताने_तारण

लेवीय ५:११ मी नव्याने बघतो. पण हाबेलाचं रक्त आणि इब्री १२:२४ चं येशूचं रक्त यांचा संबंध आहेच. तो तुम्ही खोडू शकत नाही.

जुना_करार_वाचक

तो कशाला खोडू? पण तिथे जे रक्त बोलतंय ते हाबेलाच्या मेंढराचं नव्हे, हाबेलाचं स्वतःचं आहे.

पुण्यातला_शंकेखोर

मी आता चर्चला जात नाही त्यामुळे माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्ही बघा, पण संडे स्कूल मी पण केलंय आणि वचनं पाठ करून बक्षीस म्हणून कंपासपेट्या पण मिळवल्यात.

मला "उत्तमातलं उत्तम द्या" आणि "मनापासून द्या" या दोन्ही उत्तरांचा प्रॉब्लेम आहे. उत्तम घ्या. १ शमुवेल १५ मध्ये शौल राजा अमालेक्यांची मेंढरं-गुरं घेऊन येतो आणि ती कशी असतात, तर निवडक, धष्टपुष्ट. तो सांगतो पण तेच की ही देवाला यज्ञ करायलाच राखलीत. आणि शमुवेल त्याला फाडून खातो, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, एडक्यांच्या चरबीपेक्षा ऐकणं बरं. म्हणजे माल एकदम ए वन आणि तरी नापास. इथे चरबी सुद्धा होती, हाबेलासारखी!

आता मनापासून घ्या. इफ्ताह मनापासून नवस करतो की जिंकून परत आलो तर घरातून पहिलं जे समोर येईल ते अर्पण करीन, आणि समोर येते एकुलती एक पोरगी, डफ वाजवत नाचत. शास्ते ११. त्याच्या मनापासून असण्यात काय खोट होती? कपडे फाडून रडला बिचारा. किंवा कर्मेल डोंगरावरचे ते बआलाचे साडेचारशे संदेष्टे, सकाळपासून दुपारपर्यंत ओरडतायत, अंगावर सुरे चालवून रक्त काढतायत. एवढी कळकळ मी कुठल्या उपासनेत पाहिली नाही, आमच्याकडे अर्धे लोक उपदेशात झोपायचे. म्हणजे मनापासून असणं हे काही सर्टिफिकेट नाही. माणूस मनापासून चुकू शकतो, मनापासून भयानक वागू शकतो. मग "विश्वासाने अर्पण" म्हणजे नक्की काय? खवचटपणे नाही विचारत, खरंच विचारतोय.

आगेरावाली

मी वसईकडची, ईस्ट इंडियन. आमच्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, नव्या भाताची कणसं देवळात आणतात (हो आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, नगरच्या लोकांना दरवेळी सांगायला लागतं), फादर आशीर्वाद देतात, मग ती कणसं घरोघर जातात. शेती आता फार उरली नाही, भात कुठूनतरी मागवायला लागतं, ते वेगळं दुःख.

शंकेखोर दादा तुमचा प्रश्न चांगला आहे आणि मला उत्तर येतं असं नाही, पण एक गोष्ट बघा. आम्ही बायका दर शुक्रवारी बसून वाचन करतो त्यात मत्तय ५ चालू होतं. २३ आणि २४ वचन, तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या *भावाच्या* मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, जा, आधी भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. हे हजारदा ऐकलेलं. पण त्या दिवशी कोणीतरी म्हणालं, अगं ही काइनाचीच गोष्ट आहे ना, उलटी केलेली? वेदी, अर्पण, भाऊ, राग. वरच्या २१-२२ मध्ये खून आणि भावावर रागावणं हाच विषय चाललाय! काइन अर्पणापासून उठून भावाकडे गेला तो मारायला. येशू म्हणतो तू पण ऊठ, भावाकडेच जा, पण समेट करायला. मला अंगावर काटा आला खरं सांगते.

आणि हे सोपं नव्हतं हां. ऐकणारे लोक गालीलातले. वेदी एकच, यरुशलेममध्ये, तीन-चार दिवसांची पायपीट. म्हणजे पारव्याची जोडी नाहीतर करडू घेऊन एवढं चालत गेलात, रांगेत उभे राहिलात, आणि तिथे आठवलं की भावाशी बांधावरून बिनसलंय. तर ते जनावर तिथेच सोडून परत गालीलात जायचं, भावाची समजूत काढायची, आणि पुन्हा यरुशलेमला. आठवडाभराचा खेळ. ऐकताना लोक हसलेच असतील.

तर माझ्या साध्या डोक्याला एवढं कळतं की विश्वास म्हणजे आत किती कढ येतोय ते नव्हे. देव ज्या भावाकडे परत पाठवतो त्या भावाकडे जायची तयारी आहे का, ते.

पुण्यातला_शंकेखोर

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. इफ्ताहला पण लागू पडतं मग, तो सगळा हिशेब देवाशी करत बसला आणि घरात कोण आहे ते बघितलंच नाही. विचार करतो.

लिंबूवाला

पाचशेला लिंबू मीच घेतलेलं मागच्या साली. बायको अजून बोलतीय.

नगरची_टीचर

लिंबूवाले दादा 😂 तुम्ही आमच्याच मंडळीतले असाल तर रविवारी भेटा.

आगेरावाली ताई खूप खूप आभार, हे मला पोरांना सांगता येईल, त्यांच्यात भाऊ-बहिणीची मारामारी रोजचीच आहे. आता एक उपप्रश्न विचारते, कारण हंगामाचा सण जवळ आला की दरवर्षी विधवेच्या दोन टोल्यांवर (म्हणजे मंदिराच्या पेटीत तिने टाकलेल्या दोन बारक्या नाण्यांवर) उपदेश होतो. "बघा, तिने सगळं दिलं, तुम्ही किती देता" असा एकंदर सूर. मला तो कधीच पटला नाही पण का ते सांगता येत नाही. त्या मुलाची आजी अशीच एकटी आहे, ती या उपदेशानंतर पदराची गाठ सोडताना मी बघितलीय आणि मला कसंसंच झालं.

दोन_टोल्या

नाव बघून कळलं असेल मी का लिहितोय. हा माझा जुना विषय.

आधी पैसे किती ते बघा. मार्क १२:४२, दोन लेप्टा, मार्क स्वतःच सांगतो की म्हणजे एक कोड्रांतेस. रोमन हिशेबात असे ६४ कोड्रांतेस म्हणजे एक दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्यात तोच भाव आहे. आज शेतमजुरी पाचशे धरा, पाचशे भागिले चौसष्ट, सात-आठ रुपये. तेवढ्यात कटिंग चहा पण येत नाही. तिच्याकडे दोन नाणी होती म्हणजे एक ठेवून एक टाकता आलं असतं, कोणी काही म्हटलं नसतं. मंदिरात कर्ण्याच्या आकाराच्या तेरा दानपेट्या होत्या असं मिश्नात, म्हणजे यहुद्यांच्या जुन्या नियमग्रंथात, लिहिलंय.

आता वरचं वचन वाचा. बहुतेक उपदेश ४१ पासून सुरू होतात आणि तिथेच घोळ आहे. ४० व्या वचनात येशू काय म्हणतो? शास्त्र्यांपासून सांभाळा, ते *विधवांची घरं गिळतात* आणि ढोंगाने लांब लांब प्रार्थना करतात. हे बोलून तो पेटीसमोर बसतो आणि समोर कोण येते, एक विधवा, आणि ती "आपली सगळी उपजीविका" टाकते. घर गिळलं जाणं म्हणजे काय ते डोळ्यासमोर घडतंय. आणि तिथून बाहेर पडताना शिष्य म्हणतात गुरुजी काय हे चिरे, काय ही इमारत, तर तो म्हणतो चिऱ्यावर चिरा राहणार नाही. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते खरं पण करून दाखवलं. म्हणजे तिचे शेवटचे पैसे ज्या इमारतीसाठी गेले ती इमारतच जाणार होती. १९८२ मध्ये अॅडिसन राइट नावाच्या अभ्यासकाने लेख लिहिला होता की हे मुळात कौतुक आहे की विलाप, मजकुरात "तुम्ही पण असंच करा" कुठेही नाही. नीट बघा, खरंच नाहीये.

माझी आई विधवा. गाव आणि मंडळी सांगत नाही. दर महिन्याला कोणी किती दिलं त्याची यादी पुलपिटवरून वाचायचे, नाव आणि आकडा, आणि आईचा आकडा नेहमी शेवटून दुसरा-तिसरा. ती पेन्शनमधून औषध कमी करून आकडा वाढवायला लागली हे आम्हाला खूप उशिरा कळलं. मत्तय ६ मधलं डाव्या हाताला कळू देऊ नका हे त्याच पुलपिटवरून वाचलेलं मी ऐकलंय, त्याच महिन्यात.

रक्ताने_तारण

ऐकून वाईट वाटलं भाऊ. पण येशूने तिचं कौतुक केलंच नाही हे मला पटत नाही. "सगळ्यांपेक्षा हिने जास्त टाकलं" हे कौतुक नाही तर काय आहे? उद्या म्हणाल तिने द्यायलाच नको होतं.

दोन_टोल्या

तिचं कौतुक आहे, मान्य. ज्यांनी तिला तिथवर आणलं त्यांचं नाही. माझं म्हणणं एवढंच की तिच्याकडे बघून येशूने दुसऱ्या कोणाच्या खिशात हात घातला नाही. शिष्यांना बोलावून दाखवलं, पेटी पुढे केली नाही.

आणि मार्कनेच पुढे १४ व्या अध्यायात दुसरी बाई आणलीय, ती जटामांसीचं तेल येशूच्या डोक्यावर ओतते, ३०० दीनारांचं. जटामांसी म्हणजे आपल्या हिमालयातली मुळी, म्हणून एवढी महाग. दोन टोल्यांच्या १९,२०० पट होतात, मी हिशेब केलाय. लोक ओरडतात की विकून गरिबांना द्यायचं होतं, तर येशू म्हणतो तिला त्रास देऊ नका. एक बाई सात रुपये देते, एक दीड लाखाचं तेल ओतते, आणि दोघींच्या वेळी आजूबाजूचे पुरुष चुकीचा हिशेब करत असतात.

जुना_करार_वाचक

दोन टोल्या भाऊ, यादी वाचण्यावर एक जोडतो. हनन्या आणि सप्पीराची गोष्ट लोकांना घाबरवायला वापरतात, कमी दिलं तर बघा काय होतं. प्रेषित ५:४ वाचा, पेत्र काय म्हणतो, जमीन विकायच्या आधी तुझी नव्हती का, विकल्यावर पैसे तुझ्याच हातात नव्हते का? म्हणजे निम्मे दिले असते, काही न दिलं असतं तरी चाललं असतं. मेला तो खोटं बोलल्यामुळे, काही भाग मागे ठेवून पूर्ण दिल्याचा देखावा केल्यामुळे. मला तर वाटतं यादी मोठ्याने वाचणाऱ्या मंडळ्या हनन्या तयार करायचे कारखाने आहेत.

आणि टीचरताई, आजीबाईंना लूक २:२४ सांगा. बाळ येशूला घेऊन मरिया आणि योसेफ मंदिरात आले तेव्हा त्यांनी कोकरू आणलं नाही. नियमात ऐपत नसेल त्यांच्यासाठी दोन पारवे होते, त्यांनी तेच दिले.

आगेरावाली

जुना करार काका, कारखाना भारी होता 😄

नगरची_टीचर

सगळ्यांना कळवायचं होतं, रविवार पार पडला.

मटणाचं स्तोत्र ५० वाचून दाखवलं, "बोकडांचं रक्त पितो काय" वर पोरं पुन्हा खिदळली. टोपलीचं सांगितलं आणि मग प्रत्येकाला उभं करून आपापल्या घरची टोपली सांगायला लावली, माझे आजोबा कुठून आले, काय करायचे, आणि आज आमच्या घरात काय पिकतं किंवा काय काम चालतं. एकीचे पप्पा रिक्षा चालवतात तिने टोपलीत रिक्षा घातली. तो पोरगा म्हणाला आजोबा ऊसतोडीला जायचे, मग विहीर पाडली, तिला पाणी लागलं, आता ज्वारी होते. तेवढंच बोलून खाली बसला.

मग मी म्हटलं की काइनाचा माल खराब होता असं मी मागच्या वेळी सांगितलं ते पुस्तकात नाही, माझी चूक झाली. हे बोलायला मला अवघड गेलं, पण पोरांना त्याचं काहीच नाही. त्याने पुढचा प्रश्न तयारच ठेवला होता. "मग देवाने काइनाला सांगितलं का नाही काय चुकलं ते?" म्हटलं सांगितलं की, सहा आणि सात वचन, देव स्वतः येऊन त्याच्याशी बोलतो, तू का रागावलास, तुझं तोंड का उतरलं, बरं केलंस तर तुझा स्वीकार होणार नाही का, पाप दाराशी टपून बसलंय, त्याच्यावर ताबा ठेव. म्हणजे अर्पण नाकारलं पण माणसाला सोडलं नाही, समजूत काढायला आला. 

त्याने पुन्हा बोट ठेवून वाचलं आणि म्हणाला, "काइन काहीच बोलला नाही देवाला. सरळ भावाकडंच गेला." 

मी बघितलं. खरंच, आठव्या वचनात तो एकदम हाबेलाशी बोलतो. देवाला उत्तरच नाही. इतकी वर्षं शिकवतेय मला दिसलं नव्हतं.

कणसं तो आणणार आहे सणाला. आजी या वेळी काही आणणार नाही, मी तिला लिलावात वस्तू मोजायला माझ्याशेजारी बसवणार आहे, तिचा आवाज मोठा आहे.

पुढच्या रविवारी नोहा. तारू नक्की किती मोठं होतं ते कोणीतरी लिहून ठेवा प्लीज, तो विचारणार.

जुना_करार_वाचक

तीनशे हात लांब, पन्नास रुंद, तीस उंच. उत्पत्ती ६:१५. पण ताई तो ते विचारणार नाही. तो विचारेल मासे कशाला बुडतील. त्याची तयारी करून जा.